दाढीचं गिऱ्हाईक

"बाबा, आपल्या सलूनचं बलस्थान काय?"

"तू. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू, रेडिओ लावावा लागत नाही," बाबा म्हणाले. खुर्चीतले पोस्टमनकाका इतके हसले, की बाबांना कात्री थांबवावी लागली.

वाणिज्याच्या बाईंनी एखाद्या धंद्याची बलस्थानं, उणिवा, संधी आणि धोके शोधून वर्गात मांडायला सांगितलं होतं. इतरांनी बड्या कंपन्या धरल्या. मी म्हटलं, घरचं सलून असताना काखेत कळसा न् गावाला वळसा कशाला? शिवाय वक्तृत्वात पहिली आल्यापासून माझी जीभ नुसती शिवशिवत होती.

पिढ्यान्‌पिढ्यांची गिऱ्हाईकं, मागे उभी राहणारी नवी वसाहत, कोपऱ्यावरचं एसी पार्लर, सगळं झटपट जमलं.

"आणि उणीव," मी ठसक्यात जाहीर केलं, "हल्ली दाढीला कुणी येतच नाही! सगळे घरूनच गुळगुळीत होऊन येतात. असं का?"

कुणीच हसलं नाही. बाकावरच्या शिंपीकाकांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. पोस्टमनकाका आरशातून माझ्यावर डोळे वटारत होते. तेव्हा मला कात्रीचं टोक दिसलं. थरथरत होतं. घरी बाबांची कपबशी वाजायची, तेव्हा मी 'जलतरंग सुरू!' म्हणून चिडवायचे. कात्री हलली तर केस वाकडे होतात, एवढंच. वस्तरा गळ्यावर असतो.

बाबांनी कात्री खाली ठेवली. "कधीपासून घरी करता दाढी?"

"अहो, पेन्शनरला सकाळी दुसरा उद्योग काय?" पोस्टमनकाका म्हणाले. "पोरीचं काय ऐकता! करा की आत्ता."

"करू?"

"करा म्हणतो ना."

काकांनी मान मागे टाकून डोळे मिटले. बाबांनी त्या गुळगुळीत गालांवर ब्रशने फेस चढवला, सावकाश, कानाच्या पाळीपर्यंत. मग वस्तरा उघडला. तो हवेतच हलत राहिला. बाबा त्याच्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी तो मिटला, खणात ठेवला आणि गरम टॉवेलने सगळा फेस अलगद टिपून घेतला.

"झाली."

काकांनी डोळे उघडून दोन्ही गालांवरून हात फिरवला. "वा! लोणी."

बाबांनी खुर्ची पुसली.

"या," ते शिंपीकाकांना म्हणाले. "केसच ना?"