सैल झालेला दोर

मित्रांनो, मी एक जुने रूपक आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत. प्रशांत महासागरातल्या किरिबाटीच्या एका लहान बेटावर, माणसांच्या मनात मी राहते.

माझा जन्म काथ्यातून झाला. खाडीच्या चिखलात महिनोन्‌महिने मुरवलेला काथ्या एक बाई मांडीवर वळत होती. तिचे दोन भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. ती म्हणाली, "तुमच्यातला दोर सैल झालाय." तेव्हा घरे, होड्या, सारे दोरानेच बांधत. सैल बांधणी कोणी कापून टाकत नसे. ती सोडवायची आणि दोघांनी समोरासमोर बसून, एकेक टोक धरून पुन्हा आवळायची. म्हणूनच भांडणारे गावसभेत आले, की जिंकले कोण, हा प्रश्न कोणाला सुचतच नसे. म्हातारे एवढेच म्हणत, टोके धरा. मला फार मान होता.

मग होड्यांना नटबोल्ट आले. रेडिओवर सामने आले. लोक भांडणालाही सामनाच समजू लागले. मी फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी उरले.

गेल्या वर्षी म्हातारी नेई तबुआका हिचे दोन मुलगे अळू पिकवायच्या खड्ड्यावरून भांडले. थोरला ब्वेरेती बायकोमुलांना घेऊन बेट कायमचे सोडणार होता. जहाज दुसऱ्या दिवशी यायचे होते. म्हातारीने दोघांना गावसभेत ओढून आणले.

"लेकरांनो, दोर सैल झालाय. टोकं धरा रे."

"कसला दोर, आई?" धाकटा तेराका म्हणाला. "मी हरायचं का, तेवढं सांग."

दोर कधी हरतो का? मी तिच्या ओठांवर तडफडत राहिले.

"खड्डा त्यालाच दे, आई. जिंकला म्हणावं," असे म्हणून थोरला उठला.

जहाज गेले. लोक तेराकाला चिडवू लागले, "काय राजे, सगळा अळू एकटेच खाणार?" तो आधी हसायचा. महिन्याभराने आईजवळ येऊन बसला.

"आई, दोन्ही टोकं माझ्याच हातात आलीत गं. आता आवळू कुणाशी?"

मित्रांनो, मला वहीत लिहून जपू नका. मुलांच्या हाती ओला काथ्या द्या, समोर दुसरे कोणी बसवा. पण लवकर करा. काथ्या वळणारी या बेटावर एकटी नेई तबुआका उरली आहे, आणि परवापासून तिने अंथरूण धरले आहे.