दादाने पाहिलेली पांढरी कड

परक्याने फसवलं तर माणूस चार शिव्या हासडून मोकळा होतो. बापाच्या जागी असलेल्यानेच फसवलं, तर ती शिवी कुणाच्या पदरात टाकायची, देवा?

आमचं चष्म्यांचं दुकान. पुढे दादा गिऱ्हाइकांचे डोळे तपासतो, मागे मी काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. बाबा चव्वेचाळिसाव्या वर्षी इथेच छाती धरून गेले. मी तेव्हा अकरा वर्षांचा. तेव्हापासून दादा म्हणेल ती पूर्व दिशा.

त्या दिवशी दादा बाहेर गेला होता, म्हणून एका डॉक्टरीणबाईंना नवा चष्मा मीच चढवून दिला. कानामागची काडी वाकवताना चेहरे अगदी समोरासमोर येतात. बाई आरशात बघायच्या सोडून माझ्याकडेच टक लावून बघायला लागल्या.

"तुमचं वय काय हो?"

"एकोणचाळीस."

"बुबुळाभोवती ही पांढरी कड कधीपासून आहे?"

"झाली चार-पाच वर्षं. दादा म्हणतो, काचेच्या भुशाने होतं. धंदाच तसा."

"दादा काय करतात?"

"डोळे तपासतात."

बाईंनी पर्समधून कागद काढला. रक्ताच्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली आणि म्हणाल्या, "उद्याच करा."

वाईट कोलेस्टेरॉल निघालं तीनशे दहा. कागद घेऊन बाईंकडे गेलो, त्यांनी विचारल्यावर बाबा कसे गेले तेही सांगितलं. मला हसूच आलं. "बाई, माझी कंबर तर बघा. पट्ट्याला घरी जास्तीचं भोक पाडावं लागतं!"

"हे जाडीवर नसतं. तुमच्या रक्तातच उतरलेलं दिसतंय. शरीराला ही चरबी रक्तातून नीट काढून टाकता येत नाही, मग ती नसांना आतून चिकटत राहते. दुखत नाही, खुपत नाही, आणि एक दिवस बाबांसारखं होतं. तळलेलं सोडा, रोज चाला, पण तेवढ्याने भागणार नाही. गोळी जन्मभर घ्यावी लागेल. भावाची आणि मुलांचीही तपासणी करून घ्या."

"दादा ठणठणीत आहे," मी छातीठोक सांगितलं.

दुकानात येऊन कागद दादापुढे ठेवला. त्याने घडीसुद्धा उघडली नाही.

"तीनशेच्या वर ना?"

"तुला कसं कळलं?"

दादाने आपला तपकिरी काचांचा चष्मा काढला. त्या चष्म्यावरून आम्ही त्याला हिरो म्हणून चिडवायचो. दोन्ही बुबुळांभोवती माझ्यासारखीच पांढरी कड होती.

"बारा वर्षं गोळी घेतोय," तो म्हणाला.

"आणि मला भुसा सांगितलास?"

"तुझं लग्न ठरत होतं रे. घराण्यात हृदयाचं दुखणं आहे म्हटल्यावर मोडलं असतं. मग आज सांगू, उद्या सांगू करता करता सांगायला तोंडच राहिलं नाही."

"डब्यातलं तळलेलं माझ्याकडे सरकवायचास. 'मला पित्त आहे, तू खा, तू तरुण आहेस.' मी ते माया समजून खात होतो, दादा!"

"मायाच होती."

"मग गोळी का नाही सरकवलीस?"

त्याने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. आणि मला एकदम माझी नऊ वर्षांची लेक आठवली. दर महिन्याला तो तिला खुर्चीवर बसवायचा. 'ये गं चिमणे, नंबर बघू.' पोरीला तर चष्माच नाही!

"तिच्या डोळ्यांत काय शोधत होतास?"

"अजून काही दिसलं नाही," तो पुटपुटला. "लहान आहे रे. उगाच कशाला घाबरवतोस? पुढे तिलाही स्थळं..."

"त्या वयात डोळ्यांत दिसत नाही, रक्तात दिसतं! तुझा सगळा भरवसा त्या भिंगावर. आणि आम्ही मात्र तुझ्या भरवशावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला घेऊन निघालो. वाटेत तिला कळेल अशा शब्दांत सगळं सांगितलं.

"म्हणजे मलाही आजोबांसारखं होणार?"

"नाही. आजोबांना कुणी सांगितलं नव्हतं. तुला मी सांगतोय."

तपासणीच्या ठिकाणी एक फॉर्म दिला. घरात हा त्रास कुणाकुणाला आहे, ते लिहायचं होतं. मी बाबांचं लिहिलं, माझं लिहिलं आणि थांबलो. लेक वाकून वाचत होती.

"काकालाही आहे?"

"आहे."

"मग तो बोलला का नाही?"

माझं लग्न, त्याची भीती, त्याची माया... सगळं ओठांपर्यंत आलं, पण एकही उत्तर तिला द्यावंसं वाटेना.

"ते त्यालाच विचार," मी म्हणालो, आणि काकापुढे लिहिलं, 'आहे. बारा वर्षांपासून.'