घरधन्याचा घास

तळणाचा वास एकदा अंगाला चिकटला की तीन आंघोळी केल्या तरी जात नाही. केसांत राहतो, उशीत राहतो, साडीच्या पदरात राहतो. त्या तीन आठवड्यांत मी रोज त्याच वासात जागी व्हायची. कढईतलं तेल काळं, चिकट झालेलं. ते गाळायचं, त्यात नवं ओतायचं आणि पुन्हा वडे सोडायचे. मला किळस आली होती. तेलाची आली, वड्यांची आली, आणि खरं सांगायचं तर ते खाणाऱ्या तोंडांची सगळ्यात जास्त आली.

कारण ही तोंडं माझ्या नवऱ्याच्या तब्येतीची चौकशी करायला येत होती.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. सेवकराम. धानाची मळणी आटोपली त्याच आठवड्यात त्यांच्या छातीत कळ आली. नागपूरला नेलं, दोन स्टेंट टाकले, आठ दिवसांनी घरी आणलं. गाडी अंगणात थांबली तेव्हा ओसरीवर पाच जण आधीच बसलेले. आम्हा पोवारांकडे आजारी माणसाला भेटायला गेलं नाही तर नातं तुटतं, आणि भेटायला आलेल्याला वडे-सुवाऱ्या न घालता पाठवलं तर नाक कापलं जातं. सुवारी म्हणजे तुमची पुरी. ते एक वेळ चाललं असतं. पण आमच्याकडे पाहुणा एकटा जेवत नाही. घरधन्याने सोबत ताटावर बसायचं, घरधन्याने पहिला घास मोडायचा, तेव्हा पाहुण्याचा हात ताटाला लागायचा.

म्हणजे पाहा. माणसाच्या हृदयाच्या नळ्या तुंबल्या म्हणून लोक भेटायला येणार, आणि त्यांचा मान राखायला त्याच माणसाने त्यांच्यापुढे तळलेलं खायचं. रोज. कधी दिवसातून दोनदा.

आणि बोलणं तरी काय! कोपरापर्यंत तेल ओघळतंय आणि गोष्टी कोणाच्या, तर कोण कसा मेला त्याच्या. अमका अंघोळीला गेला तो तिथंच पडला. तमक्याला दवाखान्यात नेईपर्यंत खेळ खलास. मग एक मोठा ढेकर. मग, "आनखी दोन आना जी, वैनी, मस्त झाले." मी वाढायची आणि मनात म्हणायची, गिळा मेल्यांनो.

नागपूरची डॉक्टरीण पोरगेलीच होती. निघताना तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "कढई बंद. मीठ बेतानं. रोज हिरवी भाजी, मुगामटकीची उसळ, जवसाची चटणी, कमी पॉलिशचा तांदूळ, एखादं फळ. समजलं ना काकू?"

मला तिथंच हसू आलं. समजायचं काय त्यात? ते माझंच ताट होतं. चाळीस वर्षं मी तेच खात आले. पुरुषांच्या पंगती उठायच्या, वडे संपलेले असायचे, सुवाऱ्यांचं टोपलं रिकामं असायचं. मग आम्ही बायका स्वयंपाकघरात दाराआड बसायचो. पाण्यात ठेवलेला रात्रीचा भात, म्हणजे बासी, त्यावर कांदा, हरभऱ्याची कोवळी भाजी, पाट्यावरची जवसाची चटणी. उतेऱ्यातल्या, उभ्या धानातच पेरलेल्या वाटाण्याची उसळ उरली तर उरली. त्याला कोणी जेवण म्हणत नव्हतं, नुसतं पोट भरणं म्हणत. सासूबाई म्हणायच्या, दार लोटून घे, कोणी पाहील.

आमच्या गल्लीत सात विधवा आहेत आणि विधुर एकही नाही. लोक त्याला देवाची करणी म्हणतात. मी कढईची म्हणते.

घरी आल्यावर मी सेवकरामांना डॉक्टरणीचं ताट वाढलं. ते त्याच्याकडे असे पाहत राहिले, जणू मी त्यात माती कालवली होती.

"हे का व? मी का मजूर आहो? बासी-भाजी मले वाढून राहिली!"

"डॉक्टरनं सांगतलन."

"मंग दार लाव आंधी."

लावलं दार. माझा नवरा, चाळीस एकराचा धनी, गावात ज्याच्या शब्दाशिवाय पंचायत बसत नाही, तो स्वतःच्या घरात दाराची कडी लावून हरभऱ्याची भाजी चोरासारखा खाऊ लागला. खाताना मात्र चटणी दोनदा मागून घेई. बाहेर कोणाची चाहूल लागली की ताट पलंगाखाली. एकदा जवसाची चटणी चादरीला लागली, ते डाग मी अजून धुते आहे. आणि पाहुणे आले की हेच गृहस्थ मिशा पुसत ओसरीवर जाऊन वड्यांच्या ताटावर बसणार.

मी रात्री भांडले, दिवसा भांडले. "पाहुन्याले सांगा ना जी, मले चालत नाई म्हनून."

"अन तो का उपाशी उठल? आपल्या घरून?"

"उठू द्या."

"तुले नाई समजत."

मला नाही समजत! दिवाळीच्या आधी त्यांचा चुलत भाऊ छोटेलाल गेला. बावन्न वर्षांचा. छातीतच कळ. त्याच्या तेरवीला दोन कढया लागल्या होत्या, मीही तळायला बसले होते. पंगतीत हे सहा वडे खाऊन उठले आणि हात पुसत म्हणाले, "छोटेलालले वडे लय आवडत." मला तिथंच ओकारी येणार होती. छोटेलालची बायको कोपऱ्यात बसून होती. तिच्यापुढे कोणी ताटही ठेवलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात व्हायचं ते झालं. त्या दिवशी सकाळी तीन आणि संध्याकाळी चार पाहुणे होते. शेवटची जीप गेली आणि सेवकराम ओसरीचा खांब धरून उभे राहिले. कपाळावर घाम, तोंड पिठासारखं. श्वास पुरेना. मुलाने गाडी काढली. गोंदियाला दवाखान्यात नेलं, दोन दिवस ठेवून घेतलं. तिथला डॉक्टर हिंदीतून बोलला, पण कोणालाही कळावं असं बोलला. "माताजी, इस बार बच गए. ऐसा ही खाते रहे तो अगली बार मेरे पास मत लाना."

घरी आलो तर फोन वाजला. कामठ्याहून व्याही शालीकराम बोलत होते. आमची योगेश्वरी त्यांच्या घरात दिली आहे. ते दुसऱ्यांदा तब्येत बिघडल्याचं ऐकून रविवारी भेटायला येणार होते.

सेवकरामांनी फोन ठेवला आणि पलंगावरूनच मला म्हणाले, "उडदाची डाळ भिजत घालजो शनवारी."

मी म्हटलं, "घालतो." मनात म्हटलं, घालते बरं!

शनिवारी मी डाळ भिजवली नाही. कढई घासली, तिला राख लावून परसात पालथी घातली. वासामुळे मला तिच्याकडे पाहवत नव्हतं. रविवारी पहाटे शेतातून हरभऱ्याची कोवळी भाजी खुडून आणली. मुगाला मोड आणून ठेवले होते. जवस भाजून लसूण-मिरचीबरोबर वाटलं. जाड तांबडा तांदूळ शिजवला. पेरू कापले. अकरा वाजता सेवकरामांनी स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"तेल कोठी आहे?"

"नाई आहे."

"दुलारी, इवाई येऊन राहिले! लेकीचा सासरा! योगेश्वरीले जलमभर आयकाव लागल, बापानं बासी वाढली म्हनून."

"आयकल. बाप जिता आहे म्हनून आयकल. नाईतर का आयकल थे?"

भीती मलाही वाटत होती. लेकीचं सासर म्हणजे साधी गोष्ट नाही. शालीकराम तोंडाने तिखट माणूस. लग्नात वरणात मीठ कमी पडलं ते त्यांनी तीन वर्षं सांगितलं होतं.

ते आले. हातपाय धुतले, ओसरीवर बसले. मी दोन ताटं आणून ठेवली आणि दार सताड उघडं ठेवून उंबऱ्यात उभी राहिले. शालीकराम ताटाकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. मग पुन्हा ताटाकडे. सेवकरामांचे कान लाल झालेले, मान खाली. घरधनी म्हणून पहिला घास त्यांनी मोडायचा होता, आणि त्यांचा हात काही उठेना.

"मोडा जी," मी म्हटलं. "इवाई थांबले आहेत."

त्यांनी मोडला. शालीकरामांनी हात घातला. पहिला घास हळू गेला, दुसरा जरा लवकर. मग ते खातच राहिले. भाजी दोनदा घेतली. चटणी तर बोटाने पुसून खाल्ली. तोंडातून एक शब्द नाही, वर पाहणं नाही. मला वाटलं, झालं, हा राग आहे, आता कामठ्याला जाऊन ओकणार.

जेवण झाल्यावर ते परसात हात धुवायला आले. मी तांब्याने पाणी घालत होते. पालथ्या कढईकडे पाहत ते हळूच म्हणाले, "इहीनबाई, मले बी एक तार टाकली आहे. छातीत. दोन साल झाले."

माझ्या हातातलं पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं.

"घरच्याले अन तुमच्या लेकीले माहीत आहे. आनखी कोनाले नाई. सांगू नका जी. लोक जेवाले बलावत नाई मंग."

असं म्हणून ते गेले. मी परसात उभीच राहिले. दोन वर्षं! दोन वर्षं हा माणूस गावोगावच्या ओसऱ्यांवर बसून, छातीत तार घेऊन, लोकांच्या मानासाठी वडे खात होता. आमच्याकडेही मागच्या अक्षय्य तृतीयेला खाल्ले होते. मीच आग्रहाने वाढले होते, नको नको म्हणताना वरून दोन टाकले होते. मला माझ्याच हातांची शिसारी आली.

त्या दिवसापासून सेवकराम दार उघडं टाकून जेवू लागले. व्याह्याने खाल्लं म्हणजे आता बट्टा लागत नव्हता. पाहुणे आले, त्यांना तेच वाढलं. काही नाकं मुरडून गेले, काही पुन्हा आलेच नाहीत. बरं झालं.

महिन्याभराने आम्ही कामठ्याला परतभेटीला गेलो. माझी आई लेकीच्या घरचं पाणीही पीत नसे. आता ते राहिलं नाही. गाडीतून उतरले आणि फाटकातच तो वास आला. तापलेल्या तेलाचा. मला वाटलं, माझ्याच साडीला असेल. पण नाही. आतून चुर्र आवाज येत होता.

ओसरीवर ताटं आली. प्रत्येकात पाच पाच वडे, सुवाऱ्यांची चवड, वर तेल चमकतंय. शालीकराम सेवकरामांच्या शेजारी मांडी घालून बसले. माझी नजर त्यांच्याशी भिडली तशी त्यांनी मान वळवली. "घ्या जी," ते म्हणाले आणि वड्याचा तुकडा मोडला. घरधन्याचा घास. सेवकराम त्या बोटांकडे पाहत होते. त्यांनाही मी परसातली गोष्ट सांगितली होती. दोन मोठी माणसं, मिळून तीन तारा छातीत, आणि तोंडातून एक शब्द फुटेना. मला इतका संताप आला की डोळ्यांपुढे अंधारी आली.

मी उठून सरळ आत गेले.

विहीणबाई भूमेश्वरी कढईपुढे झारा घेऊन बसल्या होत्या. योगेश्वरी सुवाऱ्या लाटत होती. मला पाहून तिने मान वर केली नाही. कोपऱ्यात दोन ताटं झाकून ठेवलेली. मी झाकण उचललं. तांबडा भात, हरभऱ्याची भाजी, जवसाची चटणी. बायकांचं जेवण. दाराआडचं.

"इवायाची तब्येत माहीत आहे ना तुमाले?" मी विचारलं.

भूमेश्वरीबाईंचे डोळे तेलाच्या धुराने लाल होते, की कशाने कोण जाणे. "का करू जी इहीनबाई? तुमी पाहुने. तुमाले बासी वाढली तं लोक का म्हनतीन? अन थे एकटे कसे बसतीन येगळा ताट घेऊन?"

"वडे तेरवीलेही असेच तळाव लागतेत, बाई," मी म्हटलं. "फक्त त्या दिवशी पाहुन्यासंग घरधनी नाई बसत."

लाटणं थांबलं. कढईतले चार वडे तळत राहिले, तपकिरी झाले, मग काळे पडायला लागले. कोणी काढले नाहीत. मी झाकलेली दोन्ही ताटं उचलली आणि ओसरीकडे निघाले. मागे गॅसचं बटण फिरवल्याचा आवाज आला. कोणी फिरवलं ते मी वळून पाहिलं नाही.

शालीकरामांच्या हातातला तुकडा अजून तोंडाशीच होता.