अकरा परदेशी

मार्चच्या एकतीस तारखेपर्यंत मी प्रांताच्या बर्फ काढणाऱ्या खात्यात कारकून होतो, आणि एप्रिलच्या एक तारखेला प्रांतिक विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण विभागाचा प्रमुख झालो. आमच्याकडे सरकारी माणसाची दर तीन वर्षांनी बदली होते. मला मात्र बर्फाच्या शेडमध्ये ठेवून लोक विसरले होते. नऊ हिवाळ्यांनंतर कुणाला तरी आठवण झाली आणि मला उचलून इथं आणून टाकलं. इंग्रजी येतं का, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो, आणि त्यांचीच पंचाईत झाली असती.

विभाग म्हणजे एक टेबल, एक पृथ्वीचा गोल आणि मी. गोलावर जपान सापडायला मला वेळ लागला, कारण आधीच्या प्रमुखांनी नेमका तिथंच चहाचा कप ठेवून डाग पाडला होता.

कुलगुरू तोकुनागा साहेब दोन वर्षांपूर्वी तोक्योहून आले. आमच्या भागात सफरचंदं पिकतात, मुळ्याचं लोणचं घालतात आणि पाच महिने बर्फ पडतो. पोरं शिकायला बाहेर जातात आणि परत येत नाहीत. वर्ग रिकामे पडायला लागले तसं विद्यापीठाला अचानक जग आठवलं. माझ्या पहिल्याच दिवशी साहेबांनी मला बोलावलं.

"कुमागाई-सान, आपल्याकडे परदेशी विद्यार्थी किती आहेत?"

"बघून सांगतो."

"दोन आकडी हवेत. प्रांताला कळवायचंय, आज पाच वाजेपर्यंत."

मग मी जे केलं ते इथं सरळ सांगून टाकतो. परक्या गोष्टी लिहायला आमच्याकडे वेगळी अक्षरं आहेत, काताकाना. पाव, टेलिव्हिजन आणि परदेशी माणूस या तिघांची वर्णी त्याच अक्षरांत लागते. मी कॉम्प्युटरला सांगितलं, काताकाना असलेली नावं वेगळी काढ. अकरा निघाली. पाचला दहा मिनिटं असताना मी अकरा कळवून मोकळा झालो. मी नावं वाचली नाहीत, मोजली.

मे महिन्यात परदेशी विद्यार्थ्यांचा स्वागत समारंभ ठेवला. अकरा निमंत्रणं गेली. पाच व्हिएतनामी, तीन नेपाळी आणि एक मंगोल पोरगा, इथपर्यंत सगळं ठीक होतं. दहाव्या आल्या त्या नारिता तोयो आजी. वय चौऱ्याऐंशी. ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीत आठवड्यातून दोनदा स्थानिक इतिहासाच्या वर्गाला बसायच्या. त्यांच्या पिढीत मुलींची नावं काताकानात ठेवायची पद्धत होती, हे मला माहीत होतं, कॉम्प्युटरला नव्हतं.

"हितं लिवलंय, 'जपानमध्ये आपलं स्वागत असो'," आजी निमंत्रण नाचवत म्हणाल्या. "चौऱ्याऐंशी वर्सं झाली बाबा, आजवर कुनी म्हनलं न्हवतं. म्हनलं, जाऊन तरी यावं."

अकरावी आली आणि माझे कान तापले. ती होती ओवुसु हाझुकी, आडनाव बापाचं म्हणून काताकानात. तिचा बाप घाना देशातून तीस वर्षांपूर्वी आला, इथल्याच तोफू करणाऱ्याच्या मुलीशी लग्न करून राहिला, आणि आमच्या शेडमध्ये चार नंबरचा बर्फाचा ट्रॅक्टर चालवायचा. त्याच्यासारखा ड्रायव्हर आमच्या प्रांतात नाही. हाझुकी लहानपणी शाळा सुटली की शेडमध्ये यायची, आमच्या शेगडीवर मोजे वाळत घालायची. घाना तिनं मी पाहिलं तितकंच पाहिलेलं, म्हणजे गोलावर. वृद्धांच्या देखभालीच्या अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला होती.

"काय वो कुमागाई काका, मला कवापासून परदेसी केलंत?"

"चूक झाली पोरी. उद्या दुरुस्त करतो."

दाराशी दोन चिनी मुलं हिरमुसून उभी होती. त्यांना निमंत्रणच नव्हतं. त्यांची नावं आमच्यासारख्याच अक्षरांत, म्हणून कॉम्प्युटरनं त्यांना घरचे धरलं होतं. म्हणजे बेरीज बरोबर होती, फक्त माणसं चुकली होती. सरकारी कामात याला यश म्हणतात.

तेवढ्यात कुलगुरू फोटोवाल्याला घेऊन आले. त्यांची नजर थेट हाझुकीवर गेली.

"वा! तुमचं जपानी फारच सुंदर आहे!"

"तुमचंबी बरं हाय की साहेब," हाझुकी म्हणाली.

आठवड्याच्या आत गावभर पोस्टर लागलं. 'जग आमच्या दारी', आणि खाली हाझुकीचा हसरा चेहरा. मी दुरुस्तीचा कागद घेऊन वर गेलो.

"साहेब, दोन नावं चुकलीत. ती काढून ही दोन चिनी मुलं घातली तरी अकराच राहतात."

"चिनी मुलं फोटोत कळत नाहीत हो, कुमागाई-सान. आपल्यासारखीच दिसतात."

"पण हाझुकी इथलीच आहे, साहेब."

"अगदी बरोबर!" साहेब भारावून म्हणाले. "इथलीच होऊन गेली आहे ती. हेच तर आपलं यश."

मी कागद घडी करून खिशात घातला. नवीन जागा, नवीन साहेब. खोगीरभरती करायची तर खोगिरानं तक्रार करू नये, असं मनाशी म्हणालो आणि खाली आलो. त्या म्हणण्याची मला अजून लाज वाटते.

सप्टेंबरात खरी गोष्ट आली. फिनलंडमधल्या एका विद्यापीठाशी करार झाला, आपला एक विद्यार्थी जानेवारीपासून वर्षभर तिकडे. एकच जागा. पहिला अर्ज हाझुकीचा. तिकडेही बर्फच, तिकडेही म्हातारी माणसं एकटी. पण तिथं ती शेवटपर्यंत आपल्या घरात राहतात म्हणे. आमच्याकडे थंडी पडली की म्हाताऱ्यांना शहरातल्या वृद्धाश्रमात नेऊन सोडतात, आणि वसंतात सगळेच परत येत नाहीत. तिची आजी अशीच गेली. ते लोक काय वेगळं करतात हे तिला बघायचं होतं. त्यासाठी दोन वर्षं रेडिओवरून इंग्रजी शिकत होती.

अर्ज परत आला. 'परदेशी विद्यार्थ्यांना ही सोय उपलब्ध नाही.' खाली माझ्याच विभागाचा शिक्का. तसल्या उत्तरांचा गठ्ठा मी सकाळीच न वाचता शिक्के मारून पाठवला होता.

हाझुकीनं तो कागद माझ्या टेबलावर ठेवला. "काका, परदेसी पोरांची सवलत मागाया गेलं की मी जपानी, म्हून नको. भाईर जाया निगाले की मी परदेसी, म्हून नको. मग मी ऱ्हाऊ कुटं, इस्टेशनावर?"

"मुदत कधीपर्यंत?"

"एकतीस आक्टोबर."

मी पुन्हा वर गेलो. साहेब पाहुण्यांचा कार्यक्रम ठरवत होते. "बारा ऑक्टोबरला फिनलंडचे लोक आपले परदेशी विद्यार्थी बघायला येतायत. ती मुलगी 'माझा देश' या विषयावर बोलणार आहे. आणि तुम्ही म्हणता, तिलाच पाठवून द्या? उद्या पोस्टर तिकडे गेलं तर इकडे काय लावू? आणि हो, तिला देशी पोशाख करायला सांगा."

बारा तारखेला हाझुकी देशी पोशाख करून आली. म्हणजे आमच्या भागात घरोघरी घालतात ते कापूस भरलेलं, पट्ट्यापट्ट्यांचं जाकीट. साहेब हरखले. "किती रंगीत! यावरच्या रेघांना नक्की काही अर्थ असणार."

फिनलंडच्या प्राध्यापक रौहाला बाई पुढच्या रांगेत बसल्या. शेजारी तोक्योहून आणलेला दुभाषा. हाझुकी उभी राहिली आणि तिनं आमच्या गावाकडची अस्सल बोली लावली. शहरी माणसापुढं आम्हीसुद्धा ती आवरून धरतो.

"माज्या देसात पाच म्हैने बरफ असतोय. छपरावरचा बरफ काडला न्हाई तर छप्पर बसतंय, अन् काडाया चडलं तर मानूस बसतंय. पहाटं माजा बा ट्रॅक्टर घिऊन निगतो, तवा गावाला रस्ता हुतो. माज्या देसात मुळ्याचं लोनचं घालत्यात. शेजारनीचं आपल्यापरीस बरं झालं तर चार दिस बोलत न्हाईत."

मागून तोयो आजी खदखदून हसल्या. दुभाष्याचा चेहरा पांढरा पडला. त्याला एक शब्द लागत नव्हता. कुलगुरू माझ्याकडे वाकले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"कुठली भाषा ही? काय गोडवा! तुम्हाला कळते का?"

"थोडीफार."

"मग उठा! भाषांतर करा!"

अशा रीतीनं मी आमच्या बोलीचं जपानी करू लागलो, दुभाषा त्याचं इंग्रजी करू लागला, आणि रौहाला बाई मान डोलावू लागल्या. कुलगुरूंना वाटलं असावं की कुमागाईसारखा गुणी माणूस बर्फात उगीच वाया गेला.

मग हाझुकी थेट बाईंकडे बघून बोलली. "मला तुमच्या देसात याचंय, बाई. एकल्या म्हाताऱ्यांना तुमी कसं जपता ते शिकाचंय. पन माजा अर्ज माघारी आला. त्यावर शिक्का हाय की मी परदेसी. अन् त्यो शिक्का ह्या काकांनी मारलाय."

"हिला," मी म्हणालो, "तुमच्या देशात यायचं आहे." आणि खाली बसलो.

"अरं ए!" तोयो आजी मागून ओरडल्या. "निम्मंच सांगितलंस की! उरलेलं कोन सांगनार, तुझा बाप?"

मी पुन्हा उठलो आणि उरलेलं सांगितलं. शिक्का माझा, यादी माझी, मुलगी इथली. दुभाष्यानं तेही इंग्रजीत केलं. रौहाला बाईंनी मला विचारलं, "म्हणजे ती नक्की कुठल्या देशाची?"

"याच. बर्फाच्या शेडमागच्या गल्लीतली."

बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, की आम्हाला हीच विद्यार्थिनी हवी. आता साहेबांचं काय होणार, असं मला वाटलं. पण तोक्योची माणसं वेगळ्याच मातीची असतात. ते टाळ्या वाजवत उभे राहिले. "हेच तर आमचं वैशिष्ट्य! एकच विद्यार्थिनी आलेलीही आणि गेलेलीही! संपूर्ण देवाणघेवाण!"

दुसऱ्या दिवशी तसा फॉर्मही तयार झाला. हाझुकी जाऊ शकते, मात्र परदेशी विद्यार्थिनी म्हणून. एकदा 'आलेले' या रकान्यात, एकदा 'गेलेले' या रकान्यात. खाली तिची सही आणि हमीदार म्हणून बापाची.

"बाला इचारते," एवढंच ती म्हणाली.

बाप एकोणतीस तारखेला आला, कामाच्या कपड्यांत. हातातली टोपी टेबलावर न ठेवता मांडीवर ठेवून बसला. फॉर्म दोनदा वाचला. मी चहा दिला, त्यानं घेतला नाही.

"कुमागाई-सान, शेडात आमी डायवर किती व्हतो?"

"चौदा."

"हजेरी तुमीच लिवायचा. नऊ वर्सं. कदी तेरा अन् एक असं लिवलंत?"

"नाही."

"मंग पोरीचं का लिवलंत?"

तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. शेडमध्ये ओरडण्याची सवय असते. तो अगदी हळू बोलला.

"मी न्हाई सही करत," तो उठत म्हणाला. "जायाचं ऱ्हायलं तर ऱ्हायलं. घरात बसंल, पन आपल्या नावानं बसंल."

तो गेल्यावर मी तो फॉर्म बाजूला सारला. दोन दिवस उरले होते. यादीतली चूक रीतसर दुरुस्त करायची तर एकच वाट होती. ज्यानं चूक केली त्यानं कबुलीपत्र लिहायचं, ते प्रांताकडे जायचं, आणि त्याच्या सेवापुस्तकात कायमचं राहायचं. नोकरी संपायला माझी चार वर्षं उरली होती. या वयात कुणी ते लिहीत नाही.

मी लिहिलं. साहेबांनी ते वाचून कपाळाला हात लावला.

"अहो, 'चूक कशी झाली' या रकान्यात संगणकीय दोष लिहा. सगळे तेच लिहितात. कॉम्प्युटरला काही बढती नको असते."

"कॉम्प्युटरला जे सांगितलं ते त्यानं केलं, साहेब."

"आणि आकडा? आकडा किती होतो आता?"

"अकराच. चिनी मुलं धरून."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. फक्त तोयो आजींनी यादीतून निघायला साफ नकार दिला, म्हणून त्या वर्षी कळवताना बारा कळवावे लागले. साहेब आणखी खूश झाले.

एकतीस तारखेला दुपारी कबुलीपत्राची प्रत जोडून हाझुकीचा मूळ अर्ज मी स्वतः प्रांताच्या कचेरीत नेला. तिथल्या कारकुनानं चूक कशी झाली तो रकाना वाचला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचला. एवढं लिहायची गरज नव्हती, असं म्हणाला. मी म्हणालो, राहू द्या.

त्यात लिहिलं होतं: 'नऊ वर्षं ज्या माणसाशेजारी बसून डबा खाल्ला, त्याचं आडनाव माझ्यासमोर यादीत होतं. मी ते वाचलं नाही.'