आवाजाचा ड्रायव्हर

बुद्धपौर्णिमेच्या आत आपल्या भीमगीत मंडळाची सीडी निघालीच पाहिजे, असं खेमराजने २००८ च्या हिवाळ्यात ठरवलं. त्याची सून अल्का लग्नाआधी गोंदियाला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. ती म्हणाली, "मामाजी, घरीच कॉम्प्युटर जोडू. रेकॉर्डिंग घरीच होईल."

गोंदियाहून सुटे भाग आले. आमगावच्या रुळांजवळच्या घरात ओसरीवर चादर अंथरून अल्काने ते जोडले. बटण दाबलं, पंखा फिरला. खेमराज एवढा खूश झाला की त्याने ढोलकीवाल्या शालीकरामला शेतावरून बोलावून आणलं.

पण विंडोज एक्सपीची सीडी टाकल्यावर पडदा निळा झाला आणि थोड्या वेळाने त्यावर आलं, की हार्ड डिस्क सापडत नाही.

"आपणच तं बसवली, मंग याले काऊन नाही दिसत?" खेमराजने विचारलं.

"डिस्क नवीन पद्धतीची आहे, विंडोज जुनी. एकमेकांची ओळख नाही." अल्काने कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, डिलीटचं बटण दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये गेली आणि डिस्कची पद्धत बदलून जुनी केली. आता डिस्क दिसली. फाइली अर्ध्यावर आल्या आणि लाईन गेली. भारनियमन संपल्यावर तिने न कुरकुरता सगळं पहिल्यापासून सुरू केलं.

संध्याकाळी विंडोज उघडली खरी, पण अक्षरं ही मोठाली आणि आवाजाचा पत्ता नाही. आवाज, पडदा, इंटरनेट, प्रत्येकाचा वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो. तो नसला तर विंडोजला ती वस्तू चालवताच येत नाही. दुकानदाराने दिलेली ड्रायव्हरची सीडी निघाली भलत्याच मदरबोर्डाची.

खेमराजने टॉर्च धरला. अल्काने कॉम्प्युटरच्या डब्यात डोकं घालून बोर्डावरचा नंबर वाचला, तळहातावर लिहिला आणि दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेतून पेनड्राइव्हवर ड्रायव्हर आणले. पडद्याचा लगेच बसला. आवाजाचा मात्र बसेना.

"आता त्याले काय पायजे?" शालीकराम म्हणाला.

"मलाही तेच कळून नाही राहिलं." ती पहिल्यांदाच चिडली. पुन्हा कॅफेत जाऊन तिने बोर्डाच्या कंपनीच्या वेबसाइटवरच्या सूचना या वेळी नीट वाचल्या. आधी विंडोजचा सर्व्हिस पॅक, म्हणजे कंपनीच्या सुधारणा, मग बोर्डाचा ड्रायव्हर, आवाजाचा सगळ्यात शेवटी. घाईत तिने शेवटचं आधी टाकलं होतं.

घरी येऊन तिने क्रमाने सगळं टाकलं. कोपऱ्यात स्पीकरचं चित्र उमटलं. गाणं लावलं. शांतता.

अल्काने कपाळाला हात लावला. "राहू दे बाई," खेमराज हळूच म्हणाला, "आपण रेकॉर्डिंगले नागपूरलेच जाऊ."

"थांबा ना मामाजी." ती उठून डब्याच्या मागे वाकली आणि तिथेच हसत सुटली. स्पीकरची पिन माईकच्या गुलाबी भोकात होती. तिनेच घातलेली. हिरव्या भोकात सरकवताच आवाज असा दणकून आला की शालीकरामचा चहा सदऱ्यावर सांडला. सदरा झटकत तोही हसू लागला.

मग माईक लावला. खेमराजने डोळे मिटून एक कडवं म्हटलं. अल्काने ते ऐकवलं तेव्हा त्याचा चेहरा पडला.

"हा कोन गाऊन राहिला? माहा आवाज असा नाही."

"असाच आहे," शालीकराम म्हणाला. "आमी कधीचे आयकून राहिलो."

खेमराजने पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा ऐकलं. तिसऱ्या ओळीला आपण सूर सोडतो, हे आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या कानावर आलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो आंघोळ आटोपून तीच ओळ घोळवू लागला. चैत्रापर्यंत ती बसली.

पौर्णिमेला विहारात सीडी लागली. एका गाण्याच्या मधोमध मालगाडीचा भोंगा ऐकू आला, तशी बाया हसल्या. अल्का ओशाळली. "ते काढता आलं नाही, मामाजी."

"कायले काढतं?" खेमराज म्हणाला. "आमगावचं गाणं आहे, गाडी तं येनच."