अलकाचं विरजण

अनुराधाची जीभ म्हणजे सोसायटीचा तराजू होता. सिल्वासातल्या नरोली रोडवरच्या त्या इमारतीत कुणाच्या तुपाला वास आला, कुणाचं लोणचं फसफसलं, की बायका वाटी घेऊन तिच्याच दारात यायच्या. सरबताच्या पावडरी बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत ती होती. चव, वास, रंग तपासणं हेच तिचं काम. ती वाटी नाकाशी न्यायची, थेंबभर जिभेवर ठेवायची आणि सांगायची, "चांगलं आहे," नाहीतर, "टाकून द्या." यापुढे ती काही बोलत नसे आणि कुणी विचारतही नसे.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला दरवर्षी शैलजाताई पन्हं करायच्या. त्या मूळच्या चिपळूणच्या, इथल्या शाळेत शिक्षिका. या वर्षी अनुराधा म्हणाली, "ताई, थंड पेयाचं माझ्याकडे द्या. अननसाची स्मूदी करते, बर्फ घालून."

"म्हणजे माझ्या पन्ह्याला पेन्शन?" शैलजाताई हसल्या. "कर बाई. उन्हं अशी आहेत की बर्फ नुसता वाटलास तरी बायका दुवा देतील."

दही अलकाकडून घ्यायचं, हे अनुराधानं लगेच ठरवलं. अलका रस्त्यापलीकडच्या भाड्याच्या खोल्यांत राहायची. नवरा धाग्याच्या कंपनीत, गाव धुळ्याकडचं. घरी दही लावून ती पाच-सहा घरी द्यायची. दही असं की पातेलं आडवं केलं तरी हलू नये. या इमारतीत मात्र तिचं एकच गिऱ्हाईक होतं, अनुराधा.

"तुम्हीपण या हळदीकुंकवाला," अनुराधा तिला म्हणाली होती. "सगळ्याजणी चाखतील. मग बघा, पूर्ण इमारत तुमची."

"मी कशी येऊ ताई, तुमच्या सगळ्यांत?"

"हळदीकुंकवाला कशी म्हणजे? सवाष्ण आहात, आमंत्रण आहे. या."

रविवारी सकाळीच अनुराधानं अननस चिरले. ऐन वेळी पाहुण्यांसमोर मिक्सर घरघरवत बसणं तिला आवडत नसे. तिचं काम नेहमी आधीच आटोपलेलं असायचं. अननस, अलकाचं दही, साखर, किंचित सैंधव, वरून बर्फाचे खडे. एकेक भांडं फिरवून तिनं पाण्याचा मोठा कॅम्पर गळ्यापर्यंत भरला. चाखून पाहिलं. झकास. उरलेल्या दह्यात तिनं आंबा फिरवला आणि त्याचा जग फ्रिजच्या दारात ठेवला, लहान मुलांसाठी. तो न्यायचा मग राहूनच गेला. वाटीभर दही तेवढं तसंच उरलं.

दुपारी खालच्या हॉलमध्ये झोपाळ्यावर गौर बसली होती. समोर कमळासारखं कापलेलं कलिंगड, बत्तासे, भिजवलेले हरभरे. अलका जांभळी, जरीकाठाची साडी नेसून आली होती आणि दाराजवळच्या खुर्चीवर अर्धीच टेकली होती. अनुराधानं तिला हाताला धरून पुढे आणलं. "या अलकाताई. आजचं दही यांचं बरं का!" असं सगळ्यांना सांगितलं आणि कॅम्परचा नळ उघडला.

पहिला घोट शेजारच्या हेतलबेननं घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अरे, आ तो कडवुं छे!"

"चल, काहीतरीच," म्हणत शैलजाताईंनी घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. "अगंबाई. कारल्याचा रस घातलास काय गं?"

दोघीतिघी हसल्या. मग सगळ्या अनुराधाकडे पाहू लागल्या. निकाल तिचाच असायचा.

अनुराधानं चाखलं. सुरुवातीला गोड, आणि मग जिभेच्या मुळाशी चिकटून राहणारा कडवटपणा. तिचे कान तापले. इतक्या जणींसमोर तिचा पदार्थ कधीच फसला नव्हता.

"दही बिघडलंय," ती म्हणाली.

तेवढ्यावर थांबली असती तरी खूप झालं असतं. पण सगळ्या अजून तिच्याकडेच बघत होत्या, आणि तिला त्या नजरा दुसरीकडे वळवायच्या होत्या.

"उन्हाळ्यात विरजणाला जपावं लागतं. भांडं नीट धुतलं नसेल."

नजरा वळल्या. अलकानं पदर खांद्यावरून पुढे घेतला, हातातला पेला खुर्चीखाली ठेवला. शैलजाताईंनी घाईघाईनं बाटलीतलं आयतं सरबत काढलं, गडबड झाली, आणि हरभऱ्यांची ओटी भरायला अनुराधा वळली तेव्हा दाराजवळची खुर्ची रिकामी होती.

संध्याकाळी प्रमोद, तिचा नवरा, फ्रिज उघडून उभा होता. "हे काय आहे गं? वा! हे का नाही नेलंस खाली?"

तो आंब्याचा जग तोंडाला लावून पीत होता. अनुराधानं तो त्याच्या हातातून घेतला आणि तळाशी उरलेला घोट घेतला. गोड. दाट, थंड, किंचित आंबट, आणि मुळाशी काहीही नाही.

दही तेच होतं. बदललं होतं फक्त फळ.

ती ओट्याला टेकली. ताज्या अननसात एक पाचक द्रव्य असतं. ते दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतं, आणि ते तुकडे कडू लागतात. लगेच प्यायलं तर कळत नाही. ठेवून दिलं की कळतं. बर्फानं ते मंदावतं, थांबत नाही. हे कुणी तिला सांगायची गरज नव्हती. कॉलेजात हा प्रयोग तिनं स्वतःच्या हातानं केला होता. कंपनीत नव्या पोरींना ती बजावायची, तुलनेला दुसरा नमुना घेतल्याशिवाय दोष कुणावर ठेवायचा नाही. आणि आज दुसरा नमुना तिच्याच फ्रिजमध्ये होता.

तिनं प्रमोदला सांगितलं. तो म्हणाला, "मग? कुणाला कळणारे? दोन दिवसांत विसरतील."

"मला कळलंय," ती म्हणाली. फोनवर सोसायटीच्या ग्रुपमध्ये शैलजाताईंनी लिहिलं होतं, 'अनुराधामुळे वाचलो. समोरचं दही कुणी घेऊ नका.' खाली अंगठ्यांची रांग. त्यातले दोन तर अलकाकडून दही घेणाऱ्या सोसायटीच्याच दुसऱ्या इमारतीतल्या बायकांचे होते.

दुसऱ्या दिवशी दही आलं नाही. अनुराधा कामावरून आली, येताना अननस घेऊन आली. आधी रस्ता ओलांडून जावं, असं तिच्या मनात आलं होतं. पण रिकाम्या हातानं जाऊन काय सांगायचं? आधी चूक निस्तरावी, मग जावं, असं तिनं ठरवलं. खरं म्हणजे तिला त्या दाराची भीती वाटत होती.

तिनं सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. मिक्सर, अननस, बर्फ, आणि उरलेलं वाटीभर दही. फिरवून प्रत्येकीला दोन घोट दिले.

"गोड आहे की!"

"आता थांबा."

गप्पा झाल्या. हेतलबेनच्या मुलीची परीक्षा झाली, पाण्याचा टँकर झाला. मग तिनं त्याच भांड्यातलं पुन्हा दिलं. तोंडं वाकडी झाली.

"दही चांगलं होतं," अनुराधा म्हणाली. ती एकेक शब्द सुटा उच्चारत होती. "हे अननसामुळे होतं. मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतं. मी अलकाताईंवर खोटा आळ घेतला."

हेतलबेननं टाळ्याच वाजवल्या. "वाह! शुं मगज छे!"

"अगं, शाळेत येऊन दाखव हे मुलांना," शैलजाताई म्हणाल्या. "आमच्या विज्ञानाच्या सरांना तरी कुठं येतं असलं?"

"ग्रुपवर लिहा ना ताई, दही चांगलं आहे म्हणून."

"हो हो, लिहिते की. पण काय गं, मग दुधात पपई चालते का?"

अनुराधा उभी राहिली. कबुली द्यायला आली होती आणि शाबासकी घेऊन चालली होती. आदल्या दिवशीपेक्षा तिला आज जास्त लाज वाटली. घरी येऊन तिनं मिक्सर धुतला, दह्याची वाटी गरम पाण्यानं, साबणानं लख्ख घासली. मग हळदीकुंकवाची कोयरी, हरभरे आणि खण घेऊन ती रस्त्यापलीकडे गेली.

अलका दारात भाजी निवडत होती. ती उठली. "या ताई," म्हणाली, पण दारातून बाजूला झाली नाही.

अनुराधानं सगळं सांगितलं. अलका खाली बघत ऐकत होती.

"रविवारी घरी आली आणि पातेल्यातलं चाखलं मी," ती म्हणाली. "गोड लागलं. पुन्हा चाखलं. मग यांना दिलं, तर हेपण म्हणे गोड आहे. म्हटलं, ताई एवढ्या शिकलेल्या, कंपनीत हेच काम करतात. आपलीच जीभ खोटी असंल. सगळं ओतून दिलं मोरीत. भांडी घासली. दोनदा."

"उद्यापासून लावा," अनुराधा घाईनं म्हणाली. "मी स्वतः घरोघरी सांगते."

"लावीन ना. दुकानातून आणीन विरजण." अलकानं भाजीची जुडी फिरवली. "ते आईचं होतं. लग्न झालं तेव्हा तिनं डब्यात दिलं होतं. रोज थोडं राखून ठेवायची मी. आता आई नाही, आणि गावच्या घरात दही लावणारं पण कुणी नाही. बाकीच्या घरांनी तर कालच टाकून दिलं." मग तिनं एकदम मान वर केली. "ताई, रविवारच्यातलं तुमच्याकडे राहिलं असंल ना? चमचाभर असलं तरी होईल."

अनुराधाच्या डोळ्यांपुढे ती वाटी आली. लख्ख, जाळीत पालथी घातलेली.

"काल होतं," ती म्हणाली. "आज त्यांना दाखवायला वापरलं. सगळं."

"वाटीला लागलेलं असंल थोडं. तेवढंपण पुरतं."

"वाटी धुतली मी."

अलका तिच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. मग तिनं हात पुसले, पदर डोक्यावर घेतला आणि कपाळ पुढे केलं, कारण दारात आलेल्या कुंकवाला कुणी नाही म्हणत नाही. अनुराधानं हळद लावली, कुंकू लावलं. कुंकू थोडं नाकावर सांडलं.

ते तिनं पुसलं नाही. अलकानंही नाही.