तांबडीची हाक

मोतद्दाराचे कान एकदम गेले नाहीत. चार वर्षांत थोडे थोडे करत गेले. आधी पाखरं गेली, मग दारावरची टकटक, मग बायकांचे आवाज आणि शेवटी पुरुषांचेही. घोडेस्वारीच्या एका शाळेत तो तेवीस वर्षं घोड्यांचं सगळं पाहत होता. वैरण, पाणी, खरारा, खूर, आजारपण. मुलीनं कानाचं यंत्र आणून दिलं होतं, पण त्यात माणसांच्या बोलण्यापेक्षा बादल्यांचा खणखणाटच जास्त यायचा. ते वापरणं त्यानं सोडून दिलं.

शाळेतली माणसं वाईट नव्हती. सुरुवातीला ओरडून बोलायची, मग हातवारे करायची, मग नुसतं कामापुरतं. मोतद्दार विचारायचा, "काय म्हणालात?" पुन्हा विचारायचा. तिसऱ्यांदा विचारलं की समोरचा हात झटकून म्हणायचा, "जाऊ दे, काही नाही." ओठांवरून बोलणं ओळखायला तो शिकला, तेव्हा सगळ्यांत आधी त्याला हेच ओळखता यायला लागलं. जाऊ दे. पुढं त्यानं विचारणंच बंद केलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे हसले की तोही हसायचा, जरासा उशिरा.

घोड्यांपाशी त्याचं काही अडत नव्हतं. कान टवकारले, मागं पाडले, एक पुढं आणि एक मागं ठेवला, प्रत्येकाचा अर्थ वेगळा. डोळ्यावरची कातडी ताणून तिला टोक आलं की जनावर काळजीत आहे. नाकपुडीशी सुरकुती पडली की कुठंतरी दुखतंय. आणि घोड्यांनाही तो कळायचा. शाळेच्या कारकुनाशी खटका उडून तो तबेल्यात शिरला की अंगाला हात लावायच्या आधीच माना वर व्हायच्या. मग तो दारातच थांबायचा, राग गिळायचा आणि मगच आत जायचा.

तांबडी आणि पंचकल्याणी या दोन घोड्या अकरा वर्षं शेजारशेजारच्या ठाणात होत्या. मधल्या फळीवरून माना टाकून एकमेकींची आयाळ दातांनी खाजवत तासन्‌तास उभ्या राहायच्या. एका सकाळी शाळेच्या मालकीणबाईंनी पंचकल्याणीला देऊन टाकलं. तिच्या गुडघ्यांना आता उड्या झेपत नव्हत्या, आणि तासाभराच्या अंतरावर एकांच्या शेतावर तिला मोकळं फिरायला मिळणार होतं. वाईट काही नव्हतंच त्यात. गाडी आली, पंचकल्याणी चढली, गाडी फाटकाबाहेर गेली.

मोतद्दार तांबडीजवळ उभा होता. तिच्या कुशी थरथरायला लागल्या. नाकपुड्या फुलून आतला लाल रंग दिसायला लागला, तोंड उघडलं. त्यानं तिच्या गळ्यावर तळहात ठेवला आणि एकदम दचकला. गळ्यातून काहीतरी उसळत होतं, त्याच्या मनगटातून कोपरापर्यंत चढत होतं. तांबडी खिंकाळत होती. जीव तोडून हाक मारत होती. तो एवढ्या जवळ उभा असून त्याच्या कानात मात्र सामसूम होती.

पहिले तीन दिवस ती सतत ओरडत राहिली. कारकुनानं कानात कापूस घातला. एकदा तबेल्यात डोकावून तो म्हणाला, "तुमचं बरं आहे हो काका, काही ऐकू येत नाही!" हे नेमकं मोतद्दाराला ओठांवरून कळलं. तो हसला. काय करणार?

तांबडीनं वैरण सोडली. डॉक्टर येऊन पोट, दात, ताप सगळं पाहून गेले. त्यांनी खांदे उडवले. मोतद्दारानं मालकीणबाईंसमोर कागद धरला: 'पंचकल्याणीला परत आणा. नाहीतर हिलाही तिकडं पाठवा.' त्यांनी वाचलं आणि त्याच्याच पेनानं खाली लिहिलं: 'दोन्ही जमणार नाही. होईल सवय.'

मग तो पंचकल्याणीच्या रिकाम्या ठाणात उलट्या बादलीवर बसायला लागला. जेवणाचा डबाही तिथंच उघडायचा. तांबडी फळीवरून मान टाकून हनुवटी त्याच्या खांद्यावर ठेवायची. तिचा श्वास गरम असायचा, जड. हाक मारायची वेळ आली की त्याला खांद्यातच कळायचं. अशा वेळी तो रांगेतल्या बाकीच्या घोड्यांकडे बघायचा. त्यांचे कान एकदा हलायचे आणि पुन्हा वैरणीकडं वळायचे. फक्त टोकाच्या ठाणातलं बुटकं तट्टू दरवेळी खाणं टाकून दाराशी यायचं आणि कान पुढं करून उभं राहायचं. तट्टू महाखडूस. चावायचं, लाथा झाडायचं, म्हणून त्याला सगळ्यांपासून लांब ठेवलं होतं.

सुट्टीच्या दिवशी मोतद्दार बसनं त्या शेतावर गेला. पंचकल्याणी कुंपणाशी एकटीच उभी होती, बाकीचे तीन घोडे लांब चरत होते. त्याला पाहून ती चालत आली. त्याच्या खांद्यावर, जिथं रोज तांबडीची हनुवटी असायची, तिथं तिनं नाक लावलं. खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग मान उंचावून वरचा ओठ मुडपला, आणि तिचं पोट आत खेचलं गेलेलं त्यानं पाहिलं. लांबच्या तिन्ही घोड्यांनी एकदम माना वर केल्या. म्हणजे हीही ओरडली होती.

त्यानं खिशातलं फडकं काढलं. तिच्या मानेवर, कानांमागं, छातीवर चांगलं चोळलं आणि घडी घालून पिशवीत ठेवलं. परतीच्या बसमध्ये पिशवी मांडीवर धरून बसला होता. कितीतरी दिवसांनी कुणासाठी तरी निरोप घेऊन चालल्यासारखं त्याला वाटत होतं.

तांबडीनं फडकं हुंगलं. तिचं अख्खं अंग ताठ झालं. कान पुढं गेले, डोळ्यांवरची कातडी सैल झाली. मग तिनं मान उचलली आणि त्याच्या खांद्यावरून मागं, उघड्या फाटकाकडं बघायला लागली.

ती वाट बघत होती. हा पुढं आला, म्हणजे ती मागून येतच असणार.

धीर द्यायला गेलो आणि खोटं सांगून बसलो, हे मोतद्दाराला तिथल्या तिथं कळलं. तो फाटक लावायला धावला, पण उशीर झाला होता. सबंध दुपार तांबडी जागची हलली नाही. ऊन उतरल्यावर पुन्हा हाका सुरू झाल्या, आधीपेक्षा जोरात. कारकून ऑफिसची खिडकी धाडकन लावून घेताना दिसला. मोतद्दारानं फडकं साबणानं दोनदा धुतलं. तिच्या गळ्यावर हात ठेवून तो म्हणाला, "चुकलं गं माझं." आवाज केवढा निघाला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणालाही न विचारता, त्यानं तट्टूला टोकाच्या ठाणातून सोडलं आणि पंचकल्याणीच्या जागी आणून बांधलं. मालकीणबाई तावातावानं आल्या. काय बोलत होत्या ते त्यानं वाचलंच नाही, खाली मान घालून वैरण टाकत राहिला. अखेर त्याही गेल्या.

पहिले दोन दिवस दोघांनी कान पाडूनच काढले. तट्टूनं मधल्या फळीवर लाथा घातल्या, एक फळी तडकली. तिसऱ्या दिवशी लाथा थांबल्या. पाचव्या दिवशी तांबडी हाक मारत असताना तट्टूनं फळीवरून नाक पुढं केलं. दोघं नाकाला नाक लावून एकमेकांचा श्वास घेत बराच वेळ उभी राहिली. तांबडीनं त्या दिवशी अर्धी पेंढी खाल्ली. आठवड्याभरानं दुपारी मोतद्दार डबा घेऊन आला, तर बुटकं तट्टू मान ताणून तांबडीची आयाळ दातांनी खाजवत होतं आणि ती डोळे मिटून त्याची पाठ.

तो दोघांच्या समोर, दाराशी, बादली उलटी करून बसला. डबा खाऊन झाला. तांबडीनं मान त्याच्याकडं टाकली नाही. चांगलंच झालं, त्यानं स्वतःला सांगितलं. खरंच चांगलं झालं होतं.

घोडेस्वारी शिकवणाऱ्या बाई तिथून चालल्या होत्या. त्या थांबल्या आणि त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्या एकट्याच त्याच्याशी तोंड समोर ठेवून सावकाश बोलायच्या. "काका, तट्टूचं तुम्हाला कसं काय सुचलं? आम्ही कुणीच त्याला तिच्याजवळ नेलं नसतं."

मोतद्दार उठून उभा राहिला. इतक्या दिवसांत त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. "त्याचं असं आहे बाई," तो म्हणाला, "ती ओरडायची ना, तेव्हा बाकीचे घोडे नुसता कान हलवायचे. पण हे तट्टू…"

बाईंचं डोकं मैदानाकडं वळलं. तिकडून कुणीतरी हाक मारली असणार. "आलेच हं! नंतर सांगा," असं म्हणून त्या लगबगीनं निघून गेल्या.

मैदानावरचा वर्ग लांबला, आणि संध्याकाळी बाई पुढच्या फाटकानं परस्पर घरी गेल्या. मोतद्दारानं टोकाचं ठाण धुऊन काढलं, तडकलेल्या फळीला आडवी पट्टी ठोकली, बादल्या भरल्या. शेवटची बादली घेऊन तो समोरून गेला, तेव्हा तांबडीचा एक कान त्याच्याकडं वळला. क्षणभर तिथं थांबला आणि परत तट्टूकडं वळला.